गाथा, पेन ड्राइव्ह आणि एक हरवलेला पेपर

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी सांभाळून घ्याव्यात!

गोष्ट थर्ड इयरच्या सेमिनारची. फेरोसिमेंटवरच्या एका पेपरचा मी संदर्भ दिला होता. सर म्हणाले, "यातला ग्राफ दाखव." हॉस्टेलवर येऊन लिंक उघडली, तर पेपरच काय, अख्खं जर्नलच गायब! डोमेन विकायला असल्याची पाटी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "पेपर खरंच होता, की मनाने लिहिलास?" माझी मान खाली. खरं सांगायचं तर मी तो वाचलाच नव्हता. एका सीनियरच्या रिपोर्टमधून संदर्भ उचलला होता आणि वाक्य घाईघाईत आपल्या शब्दांत फिरवलं होतं.

वेबॅक मशीनवर जर्नलचं पहिलं पान सापडलं, पीडीएफ नाही. शोधता शोधता कळलं की हे बऱ्याच ठिकाणी घडलंय. लाक्सो, मथायस आणि यान यांनी २०२१ साली छापलेल्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून नाहीशी झालेली १७४ ओपन अॅक्सेस जर्नल्स मोजली. फुकट वाचायला मिळतं म्हणजे फुकट टिकतं असं नाही. डोमेनचे, सर्व्हरचे पैसे कुणीतरी भरत राहावे लागतात. जर्नल बंद पडलं की ते कोण भरणार?

यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये 'लॉक्स' नावाचा उपाय सुरू झाला. अनेक लायब्ररींनी आपापली प्रत ठेवायची. त्यांचे कॉम्प्युटर प्रती एकमेकांशी ताडून पाहतात आणि खराब झालेली दुरुस्त करतात. मला आजी आठवली. ती म्हणायची, तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, कारण ती लोकांच्या तोंडी होती.

शेवटी त्या सीनियरलाच फोन लावला. त्याच्या जुन्या पेन ड्राइव्हमध्ये पेपर होता. रात्री मेल आला, ग्राफ उघडला, आणि तो माझ्या वाक्याच्या बरोब्बर उलट निघाला!

पेपर सापडलाच नसता, तर माझी चूक पकडायला कुणी उरलं नसतं. उलट पुढच्या बॅचने ती माझ्या रिपोर्टमधून उचलली असती. सरांना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, वाक्य सुधारलं.

तेव्हा ज्युनियर्सना एवढंच सांगणं: पेपर आधी वाचा, मग संदर्भ द्या. आणि एक प्रत जपून ठेवा. उद्या कुणाचा तरी फोन येईल.