मांजराचा पियानो

'द कॅट कॉन्सर्टो' या 1947च्या कार्टूनमध्ये टॉम पियानो वाजवतो आणि आत झोपलेला जेरी उठून त्याला छळतो. आम्ही भावंडं हसून लोळायचो. ती लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी आहे, हे कुणाला ठाऊक! एका रात्री रेडिओवर तीच लागली. आम्ही ओरडलो, "मांजराचं गाणं!" अब्बांनी चक्क आवाज वाढवला. घरात गाणंबजावणं नको म्हणणारी अम्मी गप्प राहिली.

मग रोज सकाळी विविधभारतीवरची 'संगीत सरिता' सुरू झाली. आधी राग समजावायचे, मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं. भैरवी आम्हाला अशीच ओळखू येऊ लागली.

एकदा रेडिओ लावायला उशीर झाला. स्वयंपाकघरातून अम्मीचाच आवाज आला, "आज तुमचं ते लावलं नाही का रे?"