ढाकोबावर काळ्या हरवला तेव्हा



पित्रांच्या पंधरवड्यात आमच्याकडं नवीन काम कोणी काढत नाही. द्राक्षाची छाटणी घट बसल्यावर, कांद्याचं रोप अजून वाफ्यात, उसाला पावसाचं पाणी झालेलं. शेतकऱ्याला वर्षात मोकळे म्हणावेत असे हेच चार-पाच दिवस. त्यात आम्ही दरवर्षी डोंगराला जातो. आम्ही म्हणजे मी, बांधाला बांध असलेला तात्या, मास्तर (शाळेत कधी शिकवलं नाही, बोलणं तसं म्हणून नाव पडलं), माझा पोरगा, पुतणी आणि दोन कुत्री. काळ्या आणि राणी.

यंदा ढाकोबाला गेलो. आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आंबोली आहे. (सिंधुदुर्गातली ती दुसरी, धबधब्याची.) आंबोलीच्या डोक्यावर ढाकोबा. अलीकडून चढत जायचं, पलीकडं एकदम कडा, खाली कोकण. याच डोंगराच्या पूर्व अंगाला मीना नदी सुरू होते. पुढं वडजचं धरण, मग नारायणगाव, मग आमचं शिवार. ज्या पाण्यावर आमचे ऊस, टोमॅटो आणि द्राक्षं उभी आहेत ते या डोंगरावर पडलेलं पाणी. पोरांना मी एवढ्यासाठी तरी नेतो. मोटार चालू केली की पाणी येतं, एवढंच त्यांना माहीत. ते कुठून येतं हे पायानं बघावं.

आता कुत्री कशाला न्यायची, असं बरेच जण विचारतात. कारण सांगतो. आमच्या भागात कुत्र्याला मोकळं फिरायची सोयच राहिली नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. त्याच्यात सावली, पाणी, रानडुक्कर, सगळं. बिबट्याची मादी उसातच विते आणि तोडणी आली की टोळीला पिल्लं सापडतात. जुन्नरमध्ये माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काय उगाच नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी शेतशिवारातल्या बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्यानं खाल्लेल्यात वजनाच्या हिशोबानं 87 टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यात एकटा कुत्राच 39 टक्के. शेळीपेक्षा कुत्रा जास्त! ज्यांच्या ओट्यावरून कुत्रं उचललंय त्यांना हा आकडा वाचून नवल वाटणार नाही. आमची मागच्या काही वर्षांत तीन गेली.

म्हणून आमची कुत्री दिवस मावळायच्या आत जाळीच्या खोलीत. सकाळी उजाडल्यावर बाहेर. त्यांचं आयुष्य म्हणजे ओटा, गोठा आणि जाळी. डोंगरावर उलटं आहे. बिबट्या तिकडंही आहे, पण दिवसा नजर पोचेल एवढं उघडं रान असतं, उसासारखी दोन हातांवर भिंत नसते. तिथं कुत्रं जरा कुत्र्यासारखं चालतं.

पण मोकळं सोडायचं नाही, हा आमचा नेम आहे. कासरा बांधून न्यायचं. वाटेत लोकांच्या शेळ्या, कोंबड्या असतात, भाताची खाचरं असतात, रानातली जनावरं असतात. आणि जायच्या महिनाभर आधी रेबीजची आणि बाकीची लस देऊन घ्यायची. आपल्या कुत्र्याचा रोग रानात सोडून यायचा नाही आणि रानातला घरी आणायचा नाही.

आदल्या दिवशी दुपारी आंबोलीत पोचलो. ओळखीच्या घरी पडवीत मुक्काम. भात निसवून दाणा धरत होतं. खाचरात बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या केंद्राचं 1987 सालचं वाण, अजून लोक सोडत नाहीत, वास आणि दर दोन्ही धरून आहे. वरच्या उतारावर नागली आणि वरई, मध्ये मध्ये खुरासणीची पिवळी फुलं. घरधनी सांगत होता, नागलीला खत असं काही घालत नाही, पण राब भाजल्याशिवाय रोप टाकत नाही. राबावर मास्तरनं अर्धा तास वाद घातला. सेंद्रिय कर्ब जळतो वगैरे. घरधनी शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं तण खुरपायला माणूस कुठंय? जाळलं की तणाचं बी मरतं." त्यावर मास्तर गप्प. माझं म्हणाल तर दोघांचंही खरं आहे, पण खुरपणीची मजुरी ज्याच्या खिशातून जाते त्याचं जरा जास्त खरं.

सकाळी सातला निघालो. आमच्या चालीनं वर जायला तीन-साडेतीन तास. पुतणी पहिल्यांदाच आली होती, तीच सगळ्यांच्या पुढं. राणीचं वय झालंय, ती माझ्या पायात घोटाळत चालते. काळ्या पोराकडं होता. पठारावर सोनकी फुललेली, गवत मांडीएवढं आणि ओलं. कड्यावर पोचलो तेव्हा लख्ख होतं. उत्तरेला जीवधन, त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका, खाली कोकणातली भातं चौकटी-चौकटीची. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा खाल्ला. तात्या कड्याकडं पाठ करून बसला, त्याला खाली बघितलं की गरगरतं. दरवर्षी येतो आणि दरवर्षी पाठ करून बसतो.

परत फिरलो आणि खालून धुकं आलं. कोकणातून वर येतं ते चुलीच्या धुरासारखं येतं, पाच मिनिटांत दहा पावलांवरचा माणूस दिसेना. तेवढ्यात गवतातून ससा उठला. काळ्यानं हिसका दिला, पट्ट्याच्या बकलाची काडी तुटली आणि कासरा पोराच्या हातात रिकामा. काळ्या गेला. दोनदा भुंकल्याचा आवाज आला, दुसरा पहिल्यापेक्षा लांबून. मग काहीच नाही.

काळ्या म्हणजे शोभेचं कुत्रं नव्हे. पहाटे साडेचारला माझी बायको धारा काढायला गोठ्यात जाते. तिच्या आधी काळ्याला जाळीतून काढतो आणि तो गोठ्याला एक चक्कर मारतो. तो भुंकला तर ती ओट्यावरच थांबते. मागच्या थंडीत तो असाच भुंकला, बॅटरी मारली तर गव्हाणीपासून वीस फुटांवर उसाच्या कडेला दोन डोळे. रात्रपाळीची लाईट असली की दार धरायला जाताना माझ्याबरोबर तोच असतो. राणीला आता ऐकू कमी येतं. काळ्या गेला तर उद्यापासून पहाटे गोठ्यात कोणाच्या भरवशावर जायचं, हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. पोरगी रडायला लागली ते नंतर दिसलं.

तात्या म्हणाला, चला, कड्याच्या कडेनं शिट्टी मारत जाऊ. पोरगं निघालंच होतं. मी त्याचा दंड धरला. धुक्यात कडा कुठं संपतो ते कळत नाही आणि ओल्या गवतावरून पाय सरकला की कुत्र्याचंही काम नाही आणि माणसाचंही नाही. मास्तरचं म्हणणं, राणीला पुढं घालू, ती वास काढत नेईल. हेही मला पटलं नाही. कुत्रं चार पायांचं. ते ज्या कपारीतनं उतरतं तिथं माणूस उतरत नाही. कुत्र्यामागं गेलं की वाट सापडते असं लोक सांगतात, पण सापडते ती कुत्र्याची वाट, माणसाची नव्हे.

हाका मारत होतो तेवढ्यात घंटा वाजली. धुक्यातून आधी गाय आली, मग दोन कालवडी, मग डोक्यावर इरलं घेतलेली एक म्हातारी. गावातलीच. काय झालं ते सांगितलं. तिनं आम्हा सगळ्यांना एकदा बघितलं आणि म्हणाली,

"पळू नगा कुठं. गेलं कुठून? हितून ना? मग हितंच बसा."

"मावशी, पण ते लांब गेलंय."

"जाऊ दे की. ते आपल्याच पायाच्या वासानं माघारी येतंय. तुम्ही धा ठिकाणी फिरलात तर धा ठिकाणी तुमचा वास. त्यानं कुठं यायचं मग?"

इतकी साधी गोष्ट. आमची कुत्री घरी हरवतच नाहीत, ती उचलली जातात, त्यामुळं आम्हाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या गुरं आणि कुत्री रानात. ती म्हणाली, ससा-भेकराच्या मागं गेलेलं कुत्रं दमेपर्यंत पळतं, मग पाणी बघतं, मग माग काढत जिथून सुटलं तिथं येतं. कधी तासात, कधी रात्रीतून.

चार वाजेपर्यंत बसलो. हाकाही थोड्या मारायच्या, असं मावशीनं सांगितलं. धुक्यात आवाज कुठून येतो ते माणसालाच कळत नाही, कुत्र्याचाही घोटाळा होतो. धुकं एकदा विरळलं आणि पुन्हा दाटलं. काळ्या आला नाही. अंधार पडायच्या आत खाली उतरणं भाग होतं, बरोबर पोरगी होती. माझ्या अंगावर घोंगडी होती, रोज गोठ्यात वापरतो तीच. मावशीनं ती मागितली, जिथं पट्टा तुटला तिथं गवत दाबून अंथरली आणि कडेला दगड ठेवले. म्हणाली, "धुतलेली नाय ना? मंग बरं. खायाचं काय ठेवू नगा, दुसरं जनावर यील." पोरानं भाकरी काढली होती ती परत पिशवीत घातली.

"आणि वाघरू?" तात्यानं विचारलंच.

"हाय की. त्येचं रान हाय." एवढंच बोलली आणि गुरांमागं चालायला लागली.

त्या रात्री पडवीत कोणी फार बोललं नाही. पोरगं पट्ट्याचं तुटलेलं बक्कल हातात घेऊन बसलं होतं. त्याला सांगितलं, लोखंड गंजलं, तुझा हात नाही सुटला. घरी फोन लावला, रेंज येत-जात होती. बायकोनं विचारलं, कुत्री जेवली का. मी म्हणालो, सकाळी बोलतो. आमच्याकडं बिबट्या रात्री कुत्रं कसं नेतो ते सगळ्यांनी बघितलंय. भांडणाचा आवाजही येत नाही, साखळी वाजते आणि संपलं. डोळ्याला डोळा लागला नाही. राणी मात्र उंबऱ्यात घोरत होती.

पहाटे मी, पोरगा आणि घरधनी निघालो. बाकीच्यांना ठेवलं. आभाळ स्वच्छ होतं. पठारावर आलो आणि लांबूनच घोंगडीवर काळा गोळा दिसला. मला आधी वाटलं घोंगडीच गोळा झालीय. पोरानं हाक मारली तर गोळ्यानं शेपटी हलवली, उठला नाही. पुढच्या उजव्या पंज्याची गादी फाटलेली, कानामागं काट्यांनी ओरबाडलेलं, अंगभर कुसळं. दात लागल्याची खूण कुठं नव्हती. पोरानं त्याला खांद्यावर घेतला, शेळीचं करडू घेतात तसा. पंचवीस किलोचं कुत्रं दोन तास खाली आणलं आणि मध्ये कोणाला दिलं नाही.

खाली आल्यावर पंजा मिठाच्या कोमट पाण्यानं धुतला, स्वच्छ फडकं बांधलं. घरी येताना जुन्नरला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी एक गोष्ट बजावली ती तुम्हालाही सांगतो. डोंगरावरून आल्यावर कुत्र्याचे कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या बघा, गोचीड तिथं बसतात. काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका, रॉकेल लावू नका. काळ्याच्या अंगावरून सतरा निघाले. पुढचे दोन-तीन आठवडे खाणं कमी झालं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी लाल झाली तर लगेच डॉक्टर. गोचीड ताप कुत्र्याला आठवड्यात खलास करतो. अजून तरी काळ्या जेवतोय.

पट्टा नवीन शिवून घेतला, चामड्याचा, दुहेरी शिलाईचा. बक्कल पितळेचं. घरी घालायचा खिळ्यांचा पट्टा वेगळा आहे, तो डोंगरावर नेत नाही, झुडपात अडकतो. आणि नेताना आता गळपट्ट्याला जोडून छातीवरूनही पट्टा घेणार आहे, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरेल.

निघताना मावशीच्या घरी गेलो होतो. दहा किलो कांदा द्यायचा म्हणून गाडीत होता तो दिला. तिनं काळ्याकडं बघितलं, पंज्याचं फडकं सोडून जखम बघितली, पुन्हा बांधलं. काहीतरी द्यावं म्हणून घरातून ओंजळभर नागलीचं बी आणलं. तिच्या सासूच्या वेळेपासून घरातच धरलेलं आहे म्हणाली, नाव तिला सांगता आलं नाही. कणीस मुठीसारखं आवळलेलं, दाणा गडद लाल. आमच्या काळ्या जमिनीत येईल का शंका आहे, पण विहिरीच्या वरच्या अंगाला मुरमाड पट्टी आहे, तिथं पुढच्या जूनमध्ये टाकून बघतो. नागलीतल्या जाणकारांनी वाण ओळखलं तर सांगा, कणसाचा फोटो टाकतो.

दिवाळीच्या आधी वाघबारस असते. त्या गावात त्या दिवशी गुराखी वाघोबाला खीर करतात. मावशीनं पुतणीला बोलावलंय, कुत्र्याला घेऊन ये म्हणाली. द्राक्षाची छाटणी आणि पेस्ट लावायचं काम तोवर आवरलं तर जाऊ. बायकोही येणार म्हणतेय यंदा, गोठ्याची व्यवस्था तात्याकडं लावून.