तेरावी खेळाडू

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाला गोलचे खांब एकाच बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला दोन विटा मांडल्या की झाले! जमीन काळी, पावसाळ्यात बूट रुततो, उन्हाळ्यात भेगेत पाय मुरगळतो. अशा या मैदानावर गेल्या वर्षी मुलींचा फुटबॉल संघ उभा करण्याचे सरांच्या मनात आले. सूचनाफलकावर कागद लागला. आठ दिवसांत नावे आली नऊ. उरलेल्या दोघींसाठी आम्ही लग्नाची अक्षत द्यायला निघावे तशा घरोघर फिरलो.

दहावी मिळाली. अकरावी म्हणून माझी जिवलग मैत्रीण तयार झाली. तिच्या पायांत वारा होता. पण स्पर्धा दोन दिवसांवर आली आणि तिच्या आजीने मला अंगणातच अडवले. "अवो माय, शुक्रवारी पाहुणे येऊन राह्यले. पोरगी उन्हात काळी पडली तं कसं व्हईन?" मी काय बोलणार? दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या दर्शनाला सिंदखेडराजास लोटणारा आमचा जिल्हा. पण पाहुणे ते पाहुणे!

आम्ही दहाजणीच गेलो. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो, हे सरांनी सांगितले तेव्हा केवढा धीर आला! सात गोलांनी हरलो. मी गोलरक्षक, तेव्हा ते सातही माझ्याच खाती जमा.

घरी आल्यावर बाबांनी सहज विचारले, "आपल्या देशाच्या बायका तरी खेळतात का हा खेळ?" मला उत्तर देता येईना. मग शोधू लागले, आणि माझी मलाच लाज वाटली. १९७९ च्या आशियाई महिला स्पर्धेत कालिकतला भारताचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. तैवानकडून तो दोन गोलांनी हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; महिला फुटबॉलमधला तो पहिलाच. त्यानंतरची वर्षे मात्र मोठ्या ओहोटीची. दक्षिण आशियाई अजिंक्यपद २०१० पासून सलग पाच वेळा आपल्याकडे आले खरे, परंतु आशियाच्या मोठ्या दरबारात आपली खुर्ची रिकामीच राहिली.

ती खुर्ची २०२२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात मांडली गेली होती. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. भारत यजमान, आणि विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जाणारी. २० जानेवारीस इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ जानेवारीस नेरूळच्या मैदानावर तैवानशी गाठ होती. पण संघात करोना शिरला, आणि त्या स्पर्धेच्या नियमाला हव्या असलेल्या किमान तेरा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना नाही, पुढची स्पर्धा नाही. इराणशी झालेली बरोबरीसुद्धा रद्द ठरली. आमचे दहाजणींत भागले, त्यांचे बारांतही भागले नसते! हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. हरण्याचे दुःख मला ठाऊक होते. खेळताच न येण्याचे दुःख माझ्या मैत्रिणीला ठाऊक होते.

पुढे ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारताने यजमानांनाच २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जाण्याची ती आपली पहिलीच वेळ. बाबांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं," आणि थोड्या वेळाने, "तुमच्या मैदानाला दुसरे खांब केव्हा लागतीन?"

मैत्रिणीचे लग्न झाले. सासरी जाण्याआधी तिने आपले बूट मला आणून दिले. मला ते घट्ट होतात. यंदाचा कागद फलकावर लागला आहे. आठ नावे आली आहेत. नववी जी कोणी येईल, तिच्या पायाला ते बसतात का पाहायचे आहे.