दिल्ली, पाण्याच्या वाटेनं

दिल्लीला जाणाऱ्या मराठी सहलीचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी कुतुबमिनार, दुपारी हुमायूनचा मकबरा, संध्याकाळी इंडिया गेट. दुसऱ्या दिवशी लाल किल्ला, चांदनी चौकातले पराठे, करोल बागेतली खरेदी, आणि मग गाडी आग्र्याच्या रस्त्याला लागते. यातलं काहीच वगळावं असं नाही. पण ही स्थळं अशी सुटी सुटी पाहिली की कोणी काय बांधलं याची सरमिसळ होते आणि घरी आल्यावर डोक्यात फक्त लाल दगड उरतो. मला विचाराल तर दिल्ली पाण्याच्या मागानं पाहावी. या शहरातल्या प्रत्येक राज्यकर्त्याला सिंहासनाइतकीच चिंता पाण्याची होती, आणि ती चिंता आजही दगडांत वाचता येते.

अरवलीची शेवटची टोकं जिथं उतरतात तिथं, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला यमुना, अशा तिकोन्यात दिल्ली वसली. जुन्या राजधान्या खडकावर होत्या. शत्रूपासून बचाव होई, पण नदी लांब पडे. म्हणून मेहरौलीत कुतुबमिनार पाहून झाला की तसंच पुढं हौज़-ए-शम्सीला जावं. तेराव्या शतकात इल्तुतमिशनं खोदवलेला हा तलाव. स्वप्नात प्रेषितांनी जागा दाखवली आणि सकाळी तिथं घोड्याच्या टापेची खूण सापडली, अशी त्याची कथा आहे. काठावर लोदी काळातला जहाज़ महाल उभा आहे. जवळच्याच मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात राजों की बावली आहे. लोदींच्याच काळातली, चार मजले खोल उतरत जाणारी. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. कमानींच्या ओवऱ्यांत भर मे महिन्यातही गारवा असतो. मिनारापाशी इतकी गर्दी आणि इथं चार माणसं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुघलकाबाद मात्र मिनारासारखंच भव्य, पण ओसाड. 1321 च्या सुमाराला गियासुद्दीन तुघलकानं हा अजस्र किल्ला बांधायला घेतला आणि काही वर्षांतच तो ओस पडला. दिल्लीकर याचा संबंध हजरत निजामुद्दीन औलियांच्या शापाशी जोडतात. त्याच सुमाराला औलियांच्या वस्तीतही बावडीचं काम चाललं होतं. मजूर दिवसा सुलतानाच्या किल्ल्यावर राबत आणि रात्री दिव्यांच्या उजेडात बावडी खोदत. सुलतानानं तेलाची विक्री बंद केली, तेव्हा बावडीच्याच पाण्यावर दिवे पेटले, असं सांगतात. बंगालच्या मोहिमेवरून सुलतान परत निघाला, तेव्हा औलिया म्हणाले, दिल्ली अजून दूर आहे. स्वागताचा लाकडी मंडप कोसळून 1325 मध्ये सुलतान वेशीबाहेरच मेला. ती म्हण पुढं साऱ्या हिंदुस्थानात पसरली आणि आपल्या मराठीतही येऊन राहिली.

कथा कथेच्या जागी. पण किल्ल्यात आज गवत आहे आणि बावडीत आज पाणी आहे, हे डोळ्यांनी पाहता येतं. निजामुद्दीन वस्तीच्या अरुंद गल्लीतून, गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या आणि चादरींची दुकानं ओलांडत दर्ग्याकडे जाताना ही बावडी लागते. तिचे झरे जिवंत आहेत. लोक तिचं पाणी औषधी मानतात. भोवती घरं इतकी दाटली आहेत की त्यांच्या भिंती थेट पाण्यावरच उभ्या वाटतात. 2008 मध्ये बावडीच्या भिंतीचा एक भाग ढासळला. त्यानंतर आगा खान ट्रस्टनं शतकानुशतकांचा गाळ उपसून ती सावरली, आणि त्यासाठी माथ्यावर राहणाऱ्या कुटुंबांशी बोलून मार्ग काढावा लागला. स्मारक जपणं म्हणजे काय, हे मला या बावडीकाठी सगळ्यात नीट कळलं. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यात कव्वाली असते. तेव्हा जावं, आणि अमीर खुसरोच्या कबरीपाशी थोडं थांबावं.

गियासुद्दीनचा मुलगा मुहम्मद यानं राजधानीच उचलून आपल्या देवगिरीला आणली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच मुहम्मदानं दिल्लीत सातपुला नावाचा बंधारा बांधला, हे मात्र कोणी सांगत नाही. खिडकी गावाजवळ तो अजून उभा आहे. तटाची भिंतही तीच आणि पाणी अडवण्याची दारंही तिच्यातच. ज्याला आपण फक्त वेडा महंमद म्हणून ओळखतो, त्याची ही बाजूही पाहायला हवी. त्याच्यामागून आलेल्या फिरोजशहानं अल्लाउद्दीन खिलजीचा गाळानं भरलेला हौज़ खास उपसला, काठावर मदरसा बांधला आणि स्वतःची कबरही तिथंच ठेवली.

पुढं राजधानी हळूहळू नदीकडे सरकली. मोगलांनी पाणी शोभेलाही खेळवलं. हुमायूनच्या मकबऱ्यातले चारबागेचे अरुंद पाट आता पुन्हा वाहते झाले आहेत; घुमटाचा फोटो घेऊन परतण्याआधी त्या पाटांच्या कडेनं चालावं. शाहजहाननं तर 1639 मध्ये पायाभरणी केलेला लाल किल्ला थेट यमुनेच्या काठावर उभा केला. किल्ल्यातल्या महालांमधून नहर-ए-बिहिश्त वाहत असे आणि कालव्याचं पाणी चांदनी चौकाच्या मधोमध खेळत असे. जहाँआरानं रचलेल्या त्या चौकातल्या हौदात चांदणं पडे, म्हणून चौकाला ते नाव मिळालं. आज तिथं पाण्याचा मागमूस नाही.

किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासमध्ये वाटाडे मराठी पर्यटकांना हमखास वर पाहायला सांगतात. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी या दालनाच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, उत्तरेत धान्य मिळत नव्हतं आणि पुण्याहून रसद येत नव्हती. पर्यटक वर पाहतात, कोणी हळहळतात, कोणी गप्प होतात.

मला वाटतं, त्यांना पूर्वेकडेही वळवायला हवं. जिथं आज रिंगरोडवरून गाड्या धावतात, तिथं तेव्हा यमुना तटाला लागून वाहत होती. त्या पावसाळ्यात ती दुथडी भरलेली होती. अलीकडे भाऊ, पलीकडे अब्दाली, आणि मधे पूर. दोघांनाही पार होता येईना. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले, ते ठाणं जिंकलंही. पण पाणी उतरताच अब्दालीनं बागपतजवळ उतार शोधला आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. 14 जानेवारी 1761 चा दिवस तिथूनच सुरू झाला. छताच्या चांदीची गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती सांगितली जाते. पानिपताचा निकाल फिरवणारी गोष्ट याच दालनामागच्या पाण्यात घडली.

नदी नंतर दूर सरकली, पण वाट विसरली नाही. जुलै 2023 मध्ये यमुनेनं 208.66 मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि पाणी रिंगरोड ओलांडून किल्ल्याच्या मागच्या तटाला येऊन भिडलं. मोगलकालीन चित्रांत दिसणारा नदीकाठचा किल्ला त्या दिवसांत दिल्लीकरांनी प्रत्यक्ष पाहिला. आपल्या सहलीच्या वाटाड्यांनी एवढंच करावं: दिवाण-इ-खासमधून लोकांना बाजारात नेण्याआधी पाच मिनिटं त्या मागच्या बाजूला उभं करावं, 1760 चा पूर सांगावा, 2023 चाही सांगावा, आणि बागपत कोणत्या दिशेला आहे ते बोटानं दाखवावं.