प्रिन्स रस्त्यावरचे ‘फूड’

न्यू यॉर्कला जाणारे आपले लोक स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहतात, टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटात छायाचित्रे काढून घेतात आणि वेळ उरलाच तर सोहोत खरेदीला जातात. त्या सोहोत प्रिन्स व वूस्टर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर क्षणभर थांबावे, असे मी सुचवीन. पन्नास वर्षांपूर्वी तेथे एक खाणावळ होती. तिचे नाव नुसते ‘फूड’, म्हणजे अन्न.

हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेकडील भाग तो सोहो. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या त्याच्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या. त्यांत गोदामे आणि लहानमोठे कारखाने असत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कारखाने एकेक करून हलू लागले. भरीस भर म्हणून या वस्तीवरून द्रुतगती मार्ग नेण्याचा बेत वर्षानुवर्षे डोक्यावर टांगलेला होता. तो १९६९ मध्ये रद्द झाला. रिकामे पडलेले उंच छतांचे मजले चित्रकार, शिल्पकार आणि नर्तकांनी स्वस्त भाड्याने घेतले. तेथे राहणे बेकायदा होते. १९७१ मध्ये कलावंतांपुरती ती मुभा मिळाली. निवाऱ्याचा प्रश्न असा सुटला, पण पोटाचे काय? संध्याकाळी कामगार घरी गेले की रस्ते ओस पडत. बसून जेवावे अशी ठिकाणे त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ही उणीव कॅरोल गूडन, टीना जिरुआर्ड आणि गॉर्डन मॅटा-क्लार्क यांनी हेरली. गूडन छायाचित्रकार आणि नर्तकी, जिरुआर्ड लुइझियानातून आलेल्या कलावंत, तर मॅटा-क्लार्क हे चिलीचे चित्रकार रोबेर्तो मॅटा यांचे पुत्र, वास्तुशास्त्र शिकलेले. कोपऱ्यावरची एक बंद पडलेली लॅटिन अमेरिकन खाणावळ त्यांनी घेतली. दारावर जुनी स्पॅनिश पाटी तशीच आहे आणि हे तिघे तिच्याखाली उभे आहेत, असे त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९७१ च्या शरद ऋतूत ‘फूड’ सुरू झाले. दुरुस्तीच्या वेळी मॅटा-क्लार्क यांनी तेथल्या भिंती कापल्या आणि त्या कापकामातच त्यांना पुढच्या कलेची वाट सापडली, असे सांगितले जाते. १९७४ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील एक अख्खे घर मधोमध चिरले! खाणावळीच्या डागडुजीतून शिल्पकला जन्मावी, हे त्या दिवसांत कोणाला विशेष वाटले नसावे.

स्वयंपाकघर उघडे होते. काय शिजते आहे आणि कोण शिजवते आहे, ते जेवणाऱ्याला समोर दिसे. घरची ताजी भाकरी असावी तसा तेथे ताजा पाव भाजला जाई. मोठ्या भांड्यांत सूप उकळत असे. लुइझियानाचा गंबो असे, जपानी पदार्थ असत आणि शाकाहारी पदार्थांनाही ताटात मानाची जागा होती. त्या काळच्या अमेरिकी उपाहारगृहांचा मांसाहारी थाट लक्षात घेता ही गोष्ट साधी नव्हे. रविवारी एखाद्या कलावंताला पाहुणा आचारी म्हणून पाचारण करीत आणि त्या रात्री चूल त्याच्या स्वाधीन होई. रॉबर्ट फ्रँक यांच्या सहभागाने निघालेल्या ‘फूड’ या चित्रपटात या खाणावळीचा एक दिवस दिसतो: पहाटे मासळीबाजारातील खरेदीपासून रात्री पाव भाजण्यापर्यंत.

या रविवारांपैकी एक रात्र मात्र आपल्या वाचकांना रुचणार नाही. मॅटा-क्लार्क यांनी केवळ हाडांचे पदार्थ केले आणि जेवणानंतर तीच हाडे स्वच्छ करून, ओवून, पाहुण्यांना माळा म्हणून घालायला दिली. अहिंसेच्या संस्कारात वाढलेला माणूस त्या पंगतीला बसू शकत नाही. मीही बसलो नसतो, आणि कलेच्या नावाने तिचे कौतुकही करणार नाही. तरीही एक विचार मनात येतो. ताटातला घास कोणाच्या देहातून आला, हे बहुतेक उपाहारगृहे सजावटीखाली झाकून ठेवतात. त्या रात्री ते गळ्यात घालून घरी न्यावे लागले.

आता हिशेब. गूडन यांनी स्वतःचा पैसा ओतला होता. वाढपी, आचारी, भांडी घासणारे बहुतेक सारे शेजारपाजारचे कलावंत. प्रदर्शन किंवा नृत्याचा प्रयोग आला की माणूस काम सोडून जाई, आणि परतल्यावर काम त्याची वाट पाहत असे. वस्तीच्या दृष्टीने याहून सोयीची नोकरी नव्हती, आणि खाणावळीच्या दृष्टीने याहून गैरसोयीची व्यवस्था नव्हती. नव्या माणसाला रोज नव्याने शिकवायचे, खिसा रिकामा असणाऱ्यालाही उपाशी ठेवायचे नाही, आणि शिवाय गल्ल्यात शिल्लक हवी! अन्नछत्राला दाता लागतो आणि व्यवसायाला नफा. येथे दात्याची भूमिका मुख्यतः एकाच बाईने पेलली. सुमारे तीन वर्षांनी मूळ मंडळी दूर झाली. नाव दुसऱ्यांच्या हाती काही काळ चालले, पण ते दिवस सरले होते. मॅटा-क्लार्क १९७८ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारले.

सोहोचे पुढे काय झाले ते तेथल्या दुकानांच्या काचाच सांगतात. ज्या मजल्यांवर कलावंतांनी स्वस्तात संसार थाटले, त्यांचे भाडे आज सामान्य कलावंताच्या आवाक्यात नाही. २०१३ मध्ये शहरातील एका मोठ्या कलामेळ्यात ‘फूड’ची आठवण म्हणून तात्पुरती खाणावळ मांडण्यात आली. गूडन आणि जिरुआर्ड, दोघीही तेव्हा उतारवयात, पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. मेळा संपला, तशी तीही खाणावळ उठली.