चोवीस अंशांचा चौक

साउथडेलला दर्शनी बाजूच नाही. कुठूनही बघा, समोर येते ती पाठ. लांबलचक कोरी भिंत, तिच्यावर एखाद्या दुकानाचं ठसठशीत नाव आणि भिंतीच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत पसरलेलं डांबरी पार्किंग. जानेवारीत त्या पार्किंगच्या कडेनं लोटून ठेवलेले बर्फाचे ढीग असतात, जुने, गाड्यांच्या धुरानं काळवंडलेले. मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येला ईडायना नावाचं सुखवस्तू उपनगर आहे, तिथली ही गोष्ट. लेकीनं पहिल्यांदा दाराशी सोडलं तेव्हा मला वाटलं, ही कुठल्यातरी गोडाउनला घेऊन आली.

आत गेल्यावर उलगडा होतो. पुण्यातला जुना वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो लवकर होईल. रस्त्याकडे वाड्याची नुसती भिंत असते. उजेड, पाणी, बायकांच्या गप्पा, पोरांचा दंगा सगळं आतल्या चौकात. साउथडेल तसंच बांधलंय. दुकानांची तोंडं आत, छतातून येणारा उजेड आत, माणसंही आत. आता मॉल म्हणजे असाच असायचा हे आपण गृहीत धरतो, पण १९५६ पर्यंत अमेरिकेतलीसुद्धा उपनगरी बाजारसंकुलं उघडी होती. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचं तर उन्हापावसातून, बर्फातून. सगळा बाजार एका छताखाली घेऊन त्याची हवा बारा महिने सारखी ठेवायची, हे अमेरिकेत पहिल्यांदा इथं झालं. बाहेर उणे वीस असो की जुलैतला उकाडा, आत पंचाहत्तर अंश फॅरनहाइट. आपल्या हिशेबानं चोवीस.

ज्यानं हे बांधलं त्याच्या डोळ्यांपुढे वाडा असण्याचं कारण नव्हतं. तो व्हिएन्नाचा. व्हिक्टर ग्रूनबाउम, जन्म १९०३, ज्यू. दिवसा वास्तुकलेचं काम आणि रात्री राजकीय कॅबरेत टवाळी, असा त्याचा तरुणपणीचा क्रम होता. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया घशात घातला आणि टवाळी करणाऱ्यांचे दिवस भरले. नाझी गणवेश चढवलेल्या एका मित्रानं त्याला नि त्याच्या बायकोला गाडीतून विमानतळावर पोचवलं. झुरिक, इंग्लंड आणि मग बोटीनं न्यूयॉर्क. खिशात आठ डॉलर, इंग्रजीच्या नावानं शून्य. ग्रूनबाउमचा ग्रूएन झाला तो अमेरिकेत.

माणूस बुटका, गुबगुबीत, भुवया रान माजल्यासारख्या. न्यूयॉर्कमध्ये त्याला व्हिएन्नाच्याच एका ओळखीच्या गृहस्थानं काम दिलं, फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाचं. ग्रूएननं दुकानाचं दार रस्त्यापासून आत घेतलं आणि पुढे काचेच्या कपाटांची छोटी ओसरी सोडली. पावसातून धावणारा माणूस क्षणभर त्या ओसरीत शिरायचा, पर्स बघायचा, मग दार तर समोरच. दुकानदार खूश. मला मात्र त्या ओसरीत दुकानदारीपेक्षा दुसरंच काही दिसतं. ज्याला आपलं शहर रातोरात सोडावं लागलं त्यानं परक्या रस्त्यावर उभं राहायला हातभर जागा करून दिली होती.

व्हिएन्ना त्याच्या डोक्यातून गेलीच नाही. पायी हिंडायचे रस्ते, कॉफीच्या एका कपावर तासन्‌तास बसता येणारी कॅफे, ओळखीचा माणूस भेटेलच अशी खात्री. आणि इकडे युद्धानंतरची अमेरिका शहराबाहेर पळत सुटलेली. घरामागून घर, प्रत्येक दारात गाडी आणि साधं दूध आणायलासुद्धा ती गाडी काढायची. ग्रूएनला मोटारींचा आणि महामार्गाच्या दोन्ही कडांना फुटलेल्या दुकानांच्या पाट्यांचा मनापासून तिटकारा होता. या उपनगरांना गावच नाही, तर आपण त्यांना गावाचा मध्य बांधून देऊ, असं त्यानं ठरवलं. तिथं बायाबापड्या भेटतील, म्हातारे बसतील, मुलं खेळतील. दुकानं लागतील ती या सगळ्याचा खर्च निघावा म्हणून.

पैसे लावणारे होते डेटन, मिनिआपोलिसच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं घराणं. डोनल्डसन्स हे त्यांचं प्रतिस्पर्धी दुकान. तेही याच छपराखाली, चौकाच्या दुसऱ्या अंगाला आलं. छपराचं कारण भावनिक नव्हतं. मिनेसोटात खरेदीला सुखानं बाहेर पडावं असे दिवस वर्षाला फक्त १२६ भरतात, असा हिशेब तेव्हा निघाला होता. उरलेल्या दिवसांत गिऱ्हाईक घरी बसतं. दोन कोटी डॉलर ओतून बहात्तर दुकानं, दोन मजले, सरकते जिने आणि ५,२०० गाड्यांचं पार्किंग उभं राहिलं, आणि ८ ऑक्टोबर १९५६ ला साउथडेल उघडलं.

मधल्या चौकाला नाव होतं गार्डन कोर्ट. हा ग्रूएनचा जीव. मिलानच्या जुन्या काचछताच्या गॅलेरियासारखा वरून पाझरणारा उजेड, माशांचं तळं, कॅफे, सज्ज्यांतून लोंबणाऱ्या वेली, शिल्पकार हॅरी बर्टोयानं घडवलेली धातूची उंच झाडं आणि एकवीस फुटी पिंजऱ्यात रंगीबेरंगी पक्षी. सकाळी माझ्याबरोबर फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, तुम्हाला तेव्हाचं काय आठवतं? ते तेव्हा शाळकरी होते. आईनं काय खरेदी केली, कुठल्या दुकानातून, काही आठवत नाही म्हणाले. पक्षी आठवतात. आणि कोट काढून हातात घेतला होता ते आठवतं, कारण हिवाळ्यात घराबाहेर असताना कोट काढायची वेळ आयुष्यात आधी आली नव्हती.

फेऱ्यांचं सांगायला हवं. हिवाळ्यात अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आपल्या आईबापांची मोठी पंचाईत असते. घर उबदार, टीव्हीवर मराठी मालिका, फ्रीज भरलेला. पण बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. फुटपाथ असले तर बर्फाखाली. गाडी चालवता येत नाही. पायांना चालायची सवय आणि दिवाणखाना संपतो वीस पावलांत. मग कोणीतरी शहाणं सांगतं, मॉलमध्ये चाला. दुकानं उघडायच्या आधी दारं उघडी असतात. पांढऱ्या केसांचे नॉर्वेजियन-स्वीडिश आजोबा-आजी पांढरे शुभ्र बूट घालून, कोपर हलवत झपाझप चालतात. सोमाली बायका दोघी-दोघींनी चालतात. आणि त्यांच्यात स्वेटरवर शाल आणि मोजांवर चपला अशी एखादी आमच्यातली. बंद दुकानांच्या जाळ्यांमागे पुतळे भरजरी कपड्यांत उभे असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मिनेसोटाची माणसं फार बोलत नाहीत, पण सलग काही दिवस दिसलात की मान हलवतात, मग "आज उशीर?" असं विचारतात. ग्रूएनला हवं होतं ते हेच असणार. फक्त त्याच्या चौकात हे घडतं ते बाजार बंद असताना.

बाजार उघडला की काय होतं, त्यालाही त्याचंच नाव चिकटलंय. मोजे घ्यायला आलेला माणूस उजेडानं, आरशांनी, वळणांनी भुलतो, मोजे विसरतो आणि भटकायला लागतो. त्या क्षणाला धंद्यातली माणसं ग्रूएन ट्रान्सफर म्हणतात. बिचाऱ्यानं ते ऐकून कपाळावर हात मारला असता.

त्याचा खरा आराखडा मोठा होता. ४६३ एकरांचा. घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं, आणि या सगळ्याच्या मधोमध चालत जाता येईल असा साउथडेलचा चौक. मधला चौक बांधला गेला. तो इतका चालला की भोवतालच्या जमिनीचे भाव चढले, आणि भाव चढल्यावर तळं कोण खणतो? तुकडे पडत गेले, ज्याला जे परवडलं ते त्यानं उभारलं. पुढे जवळपास मोठं रुग्णालय आलं, वाचनालय आलं, ऑफिसं आली, पण एकेक, सुटं सुटं, प्रत्येकाचं पार्किंग वेगळं. गावाचा मध्य तयार आणि भोवती गाव नाही.

माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे पुढचा भाग मला जास्त नीट समजतो. १९५४ मध्ये अमेरिकेनं करकायदा बदलला. नव्या इमारतीचा घसारा पहिल्या काही वर्षांतच भरपूर दाखवता येऊ लागला. कागदावर तोटा, खिशात भाडं. शहरातली जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शेतात नवी ठोकणं फायद्याचं झालं. देशभर मॉल उगवले ते केवळ लोकांना चौकाची तहान लागली म्हणून नाही, घसाऱ्यामुळेही उगवले. ग्रूएनची नक्कल करताना बांधणाऱ्यांनी भिंत, छप्पर, पार्किंग घेतलं. पक्षी आणि तळं खर्चिक, ते गाळलं. मिनिआपोलिस शहरात १९६२ पासून इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल बांधले जाऊ लागले, गिऱ्हाईक थंडीमुळे उपनगरात पळू नये म्हणून. आणि डेटन कुटुंबाच्या कंपनीनं त्याच वर्षी पलीकडच्या रोझव्हिलमध्ये स्वस्ताईचं एक दुकान काढलं. त्याचं नाव टार्गेट.

साउथडेल नवं कोरं असताना वास्तुकार फ्रँक लॉइड राइट येऊन गेले होते, वय एकोणनव्वद. गार्डन कोर्ट बघून त्यांनी नाक मुरडलं. खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष आणि त्याची गोडी मात्र नाही, असा त्यांचा सूर. म्हातारा खडूस होता, पण नजर पक्की. ग्रूएन स्वतः १९६० च्या दशकाच्या शेवटी व्हिएन्नाला परतला. १९७६ मध्ये त्याच शहराच्या दक्षिणेला एक अगडबंब मॉल उघडला, जुन्या छोट्या दुकानदारांच्या मुळावर आलेला. जे मागे सोडून आला तेच त्याच्या मागोमाग घरापर्यंत आलं होतं. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्यानं जाहीर केलं की या अनौरस पोरांचं पितृत्व मी घेणार नाही. १९८० मध्ये तो गेला.

आपल्याकडे मॉल आला तो चौक व्हायच्या आणाभाका न घेता. १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा गर्दी आवरेना, तर सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे मोजा, असा नियम काढला होता. तेव्हा मोबाइल किती जणांकडे होता! मग २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट, पुढे आमच्या मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर एकापाठोपाठ एक. ईडायनात मॉल शेतात उगवला. आपल्याकडे जिथं पूर्वी कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या त्या भागात. मे महिन्यात तिथंही माणसं हवाच खायला येतात, फक्त थंड. तोच चोवीस अंशांचा मोह, दुसऱ्या बाजूनं. पण बसायला बाक शोधून दाखवा. एका मॉलमध्ये मी जिन्याच्या पायरीवर टेकले तर रखवालदार अदबीनं म्हणाला, "मावशी, इथं बसायचं नाही, फूड कोर्टात बसा." फूड कोर्टात बसायचं म्हणजे काहीतरी घ्यायचं.

साउथडेलची पुढची गत सगळ्यांसारखीच. १९९२ मध्ये थोड्याच अंतरावर ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका उघडला, ज्याच्या पोटात झोपाळे-चक्रांचं अख्खं उद्यान आहे. डेटन्सची पाटी २००१ मध्ये मार्शल फील्ड्स झाली, २००६ मध्ये मेसीज. मग इंटरनेटवरची खरेदी. गाळे रिकामे व्हायला लागले आणि मालकांना भोवतालच्या डांबराकडे बघायची बुद्धी झाली. पार्किंगच्या एका कोपऱ्यात अपार्टमेंट उभी राहिली. जेसीपेनी या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी २०१९ मध्ये व्यायामशाळा आली, तिच्यातच लॅपटॉप घेऊन बसायची जागा. घरं, माणसं, पायी अंतरावर चौक. ग्रूएनच्या कागदावर होतं ते साठ वर्षांनी, धंदा बसल्यावर आठवलं.

हा त्याचा विजय झाला असं काही लोक म्हणतात. मला पटत नाही. ती अपार्टमेंट स्वस्त नाहीत, तळं अजून नाही, आणि पार्किंग अजूनही अथांग आहे. चौक आधी आणि घरं नंतर, तीही भाडं भरून निघावं म्हणून. याला गाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ग्रूएन चुकला तो इथंच. गावाचा मध्य बांधता येतो अशी त्याची समजूत होती, आणि तो ज्यांच्या पैशानं बांधायचा त्यांचं गावाशी देणंघेणं नव्हतं. एवढं सोडलं तर त्याचं सगळं बरोबर होतं. म्हाताऱ्यांना बसायला उबदार जागा हवी, हे तर शंभर टक्के.

तेव्हा हिवाळ्यात मुलांकडे मिनिआपोलिसला येणार असाल तर ती तुम्हाला मॉल ऑफ अमेरिका दाखवायला नेतीलच. जा, झोपाळे बघून या. पण एका सकाळी साउथडेलला सोडायला सांगा. चालायचे बूट घाला, पर्स घरी ठेवलीत तरी चालेल, आणि दुकानं उघडायच्या आत निघा.