काळ्या कॅलिपरला लाल रंग

ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, मूळचे काळे होते. लाल रंग मी दिला. कबुलीची सुरुवात तिथूनच करतो.

2014 साली मी श्टुटगार्टला नोकरीला होतो. गाव पोर्शेचं, माझी गाडी मात्र 2001 ची फोक्सवॅगन गोल्फ. पोर्शे घेण्याची ऐपत नव्हती. पण पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरचे पुढचे कॅलिपर, मधे एक ब्रॅकेट घातला की 312 मिलिमीटरच्या डिस्कवर गोल्फला बसतात, हे तिथल्या हौशी मंडळींना ठाऊक होतं. भंगारवाल्याकडून मी एक जोडी आणली. साध्या बॉक्स्टरचे कॅलिपर काळे असतात, जास्त ताकदीच्या 'एस'चे लाल. मला लोकांनी 'एस' समजावं असं वाटत होतं.

बायकोला सांगितलं, "सुरक्षिततेसाठी करतोय." ती शेजारी बसली की समोरची गाडी जवळ येताच तिचा उजवा पाय आपोआप पायपुसण्यावर दाबला जायचा. मी हसायचो. एका पिस्टनच्या जागी चार पिस्टन आले, म्हणजे आता घाबरायचं कारण नाही, असं माझं गणित होतं.

नवे ब्रेक जुन्या 15 इंची चाकांत मावेनात. मग 17 इंची चाकं घेतली, तीही जुनी, टायरसकट. पैसे कॅलिपरवरच संपले होते. तिथल्या नियमाप्रमाणे बदल तपासून घेतला, कागदपत्रांत नोंद झाली. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

पुढचे दोन महिने मी आधीपेक्षा वाईट गाडी चालवली. समोरच्या गाडीपासूनचं अंतर कमी केलं, ब्रेक उशिरा दाबू लागलो. सुरक्षिततेच्या नावाने घेतलेली वस्तू मी धोका पत्करण्यात खर्च करत होतो. बायकोचा पाय आता जास्तच दाबला जाई, आणि मी तिला भित्री म्हणत असे.

माझ्या तिथल्याच एका, मूळच्या साताऱ्याच्या मित्राकडे तशीच गोल्फ होती, कंपनीचे मूळ ब्रेक असलेली. त्याला खिजवायला मीच पैज लावली. रविवारी सकाळी एका रिकाम्या मैदानावर, परवानगी काढून, खडूची रेघ आखली. ताशी 80 किलोमीटर वेगाने यायचं आणि रेघेवर पूर्ण ब्रेक दाबायचा.

तो थांबला. मग मी आलो आणि त्याच्या खुणेच्या जवळजवळ एक गाडीभर पुढे जाऊन थांबलो. म्हटलं, पाय नीट पडला नसेल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेडल असं दाबलं की गुडघा दुखला. पायाखाली एबीएसची घरघर सुरू झाली आणि गाडी आरामात त्याची खूण ओलांडून गेली. ती घरघर त्याच्याही गाडीत होत होती. म्हणजे चाकं अडवण्याइतका जोर दोघांच्याही ब्रेकमध्ये होता. कमी पडत होती ती रस्त्यावरची पकड.

मित्र वाकून माझं टायर पाहत होता. त्याच्या कडेला शेवटचे चार आकडे होते : 2706. म्हणजे 2006 सालचा सत्ताविसावा आठवडा. आठ वर्षांचं टायर, नखाने दाबलं तर लाकडासारखं. तो म्हणाला, "कॅलिपर भारी आहेत रे तुझे. पण रस्त्याला ते दिसत नाहीत."

त्या रात्री वहीवर हिशेब मांडला, जो मी आधी मांडायला हवा होता. गोल्फचा मूळ पिस्टन 54 मिलिमीटर व्यासाचा, पण तो कॅलिपर सरकतो, म्हणून एकच पिस्टन दोन्ही पॅड दाबतो. बॉक्स्टरच्या कॅलिपरमध्ये प्रत्येक बाजूला दोन पिस्टन, 36 आणि 40 चे. 54 चा वर्ग 2916. 36 आणि 40 च्या वर्गांची बेरीज 2896. पेडलवर तेवढाच पाय, तर पॅडवर जवळपास तेवढाच दाब. फायदा झाला तो थोड्या मोठ्या डिस्कचा. मी इंजिनिअर आहे. ही बेरीज शाळेतल्या मुलाला येते. पण मला उत्तर नको होतं, लाल रंग हवा होता.

ब्रेकवर अन्याय नको. लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावावे लागतात, तिथे मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते आणि घट्ट कॅलिपरमुळे पायाला नेमका अंदाज येतो. रेसच्या ट्रॅकवर तर त्यांची किंमत वसूल होते. पण माझा रस्ता घर ते ऑफिस होता.

पुढच्या पगारात चार नवी टायरं घेतली, ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, हेही मला माहीत होतं आणि तरीही मी ते टाळलं होतं. मग बायकोची माफी मागितली. इतके दिवस गाडीतला सर्वांत खरा मापक तिचा पाय होता.

तुम्हीही ब्रेकवर खर्च करणार असाल तर जरूर करा. फक्त त्याआधी गाडीपाशी वाका आणि टायरवरचे ते चार आकडे वाचा.